कनेक्टिंग रॉडची निवड आणि पारख : एक आढावा

प्रश्नाची व्याप्ती

कोल्हापूरहून बंगळूरच्या वाटेने निघाले, की गोकुळ शिरगाव मागे पडून कागलच्या अलीकडे डाव्या हातास जी पंचतारांकित औद्योगिक वसाहत लागते, तिच्या हद्दीत ओतकाम, कातकाम आणि इंजिनजोडणी या तिन्ही विद्या एकत्र नांदतात. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना तेथेच आहे, आणि मोटारउद्योगास सुटे भाग पुरविणारे लहानमोठे कारखानेही त्याच आवारात आहेत. असे असूनही, त्याच पंचक्रोशीतल्या एखाद्या गॅरेजात दहा-बारा वर्षे वापरलेल्या मोटारीचे इंजिन खोलले गेले आणि चारांपैकी एक कनेक्टिंग रॉड निकामी निघाला, तर त्याच्या बदली दुसरा कोठून आणावा, आणि आणलेला भरवशाचा आहे हे कशावरून मानावे, या प्रश्नाला एकमुखी उत्तर मिळत नाही. मेस्त्री एक सांगतो, सुट्या भागांचा व्यापारी दुसरे, कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रातला सल्लागार तिसरे. आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात काही तथ्य असते, हीच या प्रकरणातली खरी अडचण आहे.

प्रस्तुत आढावा मोटारगाड्यांच्या इंजिनांपुरता मर्यादित आहे. मालवाहू गाड्या व शर्यतीची इंजिने यांचा उल्लेख प्रसंगोपात्त येईल इतकाच. वादात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळून गेलेले आढळतात. रॉड कोणाच्या घरचा, हा एक. आणि हातात असलेला रॉड चांगला आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कागदपत्रांतून मिळते, दुसऱ्याचे गेजमधून व प्रयोगशाळेतून. आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी रुजू करण्याची चूक उभय पक्षांकडून होत आलेली आहे.

या लहानशा दांड्यावर किती बोजा असतो, याचा थोडा हिशेब येथे मांडणे अवश्य आहे. ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे साधे पेट्रोल इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरत असता, पिस्टन, गजन पिन आणि रिंगा मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास भरणारे वजन वरच्या टोकाशी थोपवून पुन्हा खाली ओढताना रॉडवर सुमारे पाऊण टनाचा ताण येतो. तासाला सरासरी ६० किलोमीटर वेग आणि मिनिटाला २,००० फेरे इतकेच धरले, तरी एक लाख किलोमीटरांत हे दांडे वीस कोटी वेळा वरखाली होतात. सबब रॉड एका खेपेस किती भार सोसतो याला फारसे महत्त्व नाही. तो कोट्यवधी वेळा सोसून थकतो की नाही, यावर सारे अवलंबून असते, आणि थकव्याची चीर बाहेरून दिसू लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

पूर्वपीठिका

कोल्हापूरच्या यंत्रविद्येची मुळे शेतीत आहेत. ऊस, गुऱ्हाळे आणि नदीचे पाणी उपसून शेतावर नेण्याची निकड यांतून तेलइंजिने आली. तेलइंजिनांच्या दुरुस्तीतून मेस्त्री घडले. मेस्त्र्यांच्या शेडांनी शिवाजी उद्यमनगर गजबजले. आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले येथे वसाहती वाढत गेल्या. जुन्या इंजिनांत रॉडच्या क्रँककडील मोठ्या तोंडात व्हाइट मेटल ओतलेले असे, आणि ते झिजले की मेस्त्री नवे ओतून, क्रँकच्या जर्नलला निळा रंग लावून, उमटलेल्या ठिपक्यांनुसार स्क्रेपरने खरवडून बेरिंग बसवीत असे. रॉड बदलण्याची पाळी त्या व्यवस्थेत क्वचितच येई, कारण झिजणारा अंश रॉडमध्येच नव्याने भरता येत होता. पुढे सुटी बेरिंग शेले आली, काम झटपट झाले. पण त्याबरोबर रॉडच्या भोकाचा गोलपणा मायक्रॉनांत मोजण्याची जबाबदारीही आली, आणि ती स्क्रेपरवर भागणारी नव्हती.

मोटारींच्या बाबतीत दीर्घकाळ एक सोय होती, ती म्हणजे गाड्यांचे प्रकारच थोडे होते. मुंबईत कुर्ल्यास तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि पश्चिम बंगालमधील हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर या दोन गाड्यांची इंजिने दशकानुदशके फारसा पालट न होता चालत राहिली. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० तर २०१४ पर्यंत तयार होत होती. एकच भाग तीस वर्षे लागणार असेल, तर तो तयार करणारे दहा कारखानदार पुढे येतात आणि त्यांतला कोणता भरवशाचा हे गॅरेजांना अनुभवाने कळते. १९९१ नंतरच्या खुल्या बाजारात गाड्यांचे प्रकार वाढले आणि प्रत्येक इंजिनाचे आयुष्य आखूड झाले. फियाटच्या १.३ लिटर मल्टीजेट डिझेल इंजिनाने स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्या ओढल्या. पण एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू होताच ते आपल्याकडे बंद झाले. या इंजिनांच्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत, आणि पुढेही काही वर्षे राहतील.

कोल्हापूर-सांगली भागात या प्रश्नाला पुराचे एक स्थानिक कारण जोडलेले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी महामार्गावर चढून वाहतूक बंद पडली, आणि दोन्ही खेपांस कित्येक मोटारी पाण्याखाली राहिल्या. पाणी शिरलेले इंजिन स्टार्टर मारून चालविण्याचा प्रयत्न झाला, की पिस्टन वर येताना हवेऐवजी पाणी दाबू पाहतो. पाणी दबत नाही, आणि त्या साखळीतला सर्वांत दुबळा सांधा म्हणून रॉड वाकतो. १,२४८ सीसीच्या चार सिलिंडरी डिझेल इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्यास ३१२ सीसी येतात. दाबगुणोत्तर १७ धरले तर पिस्टन वरच्या टोकाला असता उरणारी जागा सुमारे १९.५ सीसी भरते. म्हणजे चार चहाचे चमचे पाणी पुरे. पेट्रोल इंजिनात ही जागा थोडी अधिक असते, म्हणून तेथे रॉड वाचण्याची शक्यताही थोडी अधिक. असा वाकलेला रॉड पुष्कळदा मोडत नाही. गाडी पुन्हा चालू होते, थोडी थरथरते, तेल खाऊ लागते, आणि सहा-आठ महिन्यांनी भर रस्त्यात ब्लॉक फोडून रॉड बाहेर येतो.

धातू आणि घडण

येथे एक विरोधाभास नोंदविला पाहिजे. कोल्हापूरचा लौकिक ओतकामाचा; इंजिनांचे ब्लॉक, हेड, फ्लायव्हील, घरे हे सारे ओतीव लोखंडाचे जिन्नस. कनेक्टिंग रॉड मात्र बहुतांशी घडीव पोलादाचा असतो, कारण तापलेले पोलाद साच्यात घणाने दाबले असता त्यातील तंतुप्रवाह रॉडच्या आकाराबरोबर वळतो आणि थकव्याला दाद देत नाही. ओतीव रॉड कोणी केलेच नाहीत असे नाही. अमेरिकेत पाँटियाकच्या व्ही-८ इंजिनांत आर्मास्टील नावाच्या ओतीव धातूचे रॉड वर्षानुवर्षे चालले. परंतु आपल्याकडील मोटारींपुरते पाहू जाता, घडीव पोलाद आणि काही प्रमाणात भुकटीपासून घडविलेले पोलाद, हेच दोन मुख्य पर्याय होत. म्हणून कागलच्या वसाहतीतल्या यंत्रावर रॉडचे कातकाम होऊ शकते, पण त्याचे कच्चे घडीव रूप पुष्कळदा पुणे, राजकोट वा पंजाबातल्या घणांखालून आलेले असते.

पोलादाच्या नावांविषयी आपल्या कारखान्यांत अद्याप जुन्या ब्रिटिश संज्ञांचा अंमल आहे. ईएन ८ हे साधे कार्बन पोलाद, ईएन १९ क्रोम-मॉलिब्डेनम, ईएन २४ त्यात निकेल मिसळलेले. अमेरिकन परिभाषेत शेवटची दोन ढोबळ मानाने ४१४० व ४३४० होत. कारच्या मूळ रॉडांत मात्र गेल्या तीन दशकांत सी७० या, सुमारे ०.७ टक्के कार्बनच्या, ठिसूळपणाकडे झुकणाऱ्या पोलादाचा प्रसार झाला, आणि त्याचे कारण कॅप, म्हणजे मोठ्या तोंडाचा सुटा अर्धा भाग, वेगळी करण्याच्या नव्या रीतीत आहे.

पूर्वी रॉड व कॅप करवतीने वा ब्रोचने वेगळे करून त्यांचे मिळणारे तळ घासून सपाट करीत. १९९० च्या दशकाच्या आरंभी बीएमडब्ल्यूच्या व्ही-८ इंजिनांत रॉडचे मोठे तोंड आतून खाच पाडून एका झटक्यात तोडण्याची पद्धत आली. तुटलेले खडबडीत तळ पुन्हा जोडले असता कणाकणाने एकमेकांत बसतात, डॉवेल लागत नाही, आणि कारखान्यात कातकामाचा एक मोठा टप्पा वाचतो. निर्मात्याच्या दृष्टीने हा निःसंशय लाभ आहे. इंजिन बांधणाऱ्या मेस्त्रीच्या दृष्टीने चित्र वेगळे दिसते. अशा रॉडची कॅप जगातल्या दुसऱ्या कोणत्याही रॉडला बसत नाही. ती उलटी लावून आवळली तर तळाचे दाणे चिरडतात आणि रॉड कायमचा बाद होतो. आणि मोठे भोक लांबट झाले तर तळ थोडा घासून, कॅप आवळून, पुन्हा मूळ मापास होन करण्याची जी पिढीजात दुरुस्ती, तिला येथे वावच नाही. बदली रॉडचा प्रश्न आज पूर्वीपेक्षा तीव्र वाटतो, त्यातला मोठा हिस्सा या एका बदलामुळे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रॉड येतो कोठून

पहिला पक्ष कंपनीच्या अधिकृत भागाचा. त्याचे म्हणणे असे, की रॉडचे मूल्य इंजिन खोलण्याच्या, क्रँक ग्राइंडिंगच्या आणि पुन्हा बांधण्याच्या मजुरीपुढे किरकोळ आहे. भागाचा क्रमांक, वजनाची श्रेणी, भोकाच्या मापाची श्रेणी आणि बोल्ट हे सारे एका हमीखाली येते. आणि काही बिघडलेच तर जाब विचारण्यास एक पत्ता असतो. या बाजूची अडचण किमतीची जितकी आहे, तितकीच उपलब्धतेची. गाडी बंद पडून काही वर्षे लोटली की रॉड सुटा मिळेनासा होतो, कधी पिस्टनसह संचच घ्यावा लागतो, कधी अर्धे इंजिनच घ्या असे सुचविले जाते. आणि महिनाभर वाट पाहूनही भाग न आल्याची कैफियत गॅरेजांतून सर्रास ऐकू येते.

दुसरा पक्ष म्हणतो, की मोटारकंपनी रॉड स्वतः घडवीतच नाही. पुरवठादार घडवितो, कंपनी आपल्या खोक्यात घालते. मग त्याच पुरवठादाराचा तोच माल त्याच्याच नावाने घेतला तर बिघडले कोठे? पिस्टन, रिंगा व बेरिंगे यांच्याबाबत हा युक्तिवाद आपल्या बाजारात पूर्णपणे रुजला आहे. कोल्हापुरातच पिस्टन व बेरिंगे करणाऱ्या नामांकित कंपन्या आहेत आणि त्यांचा माल कारखान्यांस व दुकानांस दोन्हीकडे जातो. रॉडच्या बाबतीत तो तितका सरळ चालत नाही, कारण रॉड हा इंजिनागणिक निराळा, कमी खपणारा जिन्नस असल्याने पुरवठादारास सुट्या विक्रीत फारसे स्वारस्य नसते, आणि मोटारकंपनीच्या तपासणीत नापास झालेला माल मागल्या दाराने बाजारात येत नाही ना, ही शंका कोणी पूर्णपणे फेडू शकलेला नाही.

तिसरा मार्ग स्वतंत्र उत्पादकांचा. राजकोट, जालंधर, लुधियाना येथील घडाईची परंपरा मोठी आहे, आणि ट्रॅक्टर, मालवाहू गाड्या व जनरेटर यांच्या रॉडांत तिने आपला दर्जा सिद्ध केलेला आहे. मोटारींसाठी याच वर्गात परदेशांतून येणारे, ४३४० पोलादाचे म्हणून विकले जाणारे एच आकाराचे रॉड मोडतात. या वर्गाचे समर्थक सांगतात, की मूळ रॉडपेक्षा पोलाद सरस आहे, आकार भरभक्कम आहे. टीकाकारांचा आक्षेप पोलादावर नसून सातत्यावर आहे: एक लॉट उत्तम निघतो, दुसऱ्याचे भोक शतांश मिलिमीटरने लांबट निघते, आणि बोल्ट तर नामवंत कंपनीचा शिक्का मारलेले नकली असण्याचाही संभव असतो. शिवाय वजन. मूळ रॉडपेक्षा प्रत्येकी शंभर ग्रॅमने जड रॉड तीन सिलिंडरी इंजिनात घातले, तर क्रँकचा तोल पुन्हा साधावा लागेल, हे दुकानात कोणी सांगत नाही.

राहिला जुना बाजार. अपघातग्रस्त वा मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेला रॉड, बहुधा हाफ इंजिनसकट. याच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद वरवर पाहता विचित्र, पण सर्वस्वी निराधार नाही: पोलादाला एक सहनमर्यादा असते, तिच्या आत राहून जो रॉड कोट्यवधी फेरे पचवून आजवर चिरला नाही, तो जणू परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेला आहे, आणि तो मूळ कंपनीचा आहे, हे तर उघडच. प्रतिपक्षाचे उत्तर असे, की त्या परीक्षेत कोणते प्रश्न विचारले गेले याचा दाखला कोणाजवळ नाही. ती गाडी पुरात होती काय, तेलाविना चालली काय, बेरिंग एकदा फिरून गेले होते काय, हे रॉडच्या मालाबरोबर येत नाही. मीरतच्या सोतीगंज बाजारावर डिसेंबर २०२१ मध्ये चोरीच्या गाड्यांच्या प्रकरणांतून गंडांतर आले, तेव्हा देशभर जुन्या सुट्या भागांच्या उगमाविषयी जी चर्चा झाली, ती मुख्यतः चोरीच्या अंगाने झाली. थकलेल्या धातूच्या अंगाने तिचा विचार फारसा झाला नाही.

पारख

पारखीच्या पायऱ्या सर्वमान्य आहेत. मतभेद आहेत ते कोठवर जावे याविषयी. पहिली पायरी डोळ्यांची. भागाचा क्रमांक, घडाईच्या साच्याची खूण, हीट नंबर म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, कॅप व रॉडवरील जोडीचे आकडे, तेलाच्या छिद्राची जागा, शेलच्या खाचेची बाजू. एकाच इंजिनाच्या दोन पिढ्यांत गजन पिनचा व्यास बदललेला असू शकतो, म्हणून जुना रॉड शेजारी ठेवूनच नवा घ्यावा. रंगाकडेही पाहावे. पोलाद ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापले की निळसर झाक येते. मोठ्या तोंडाशी ती दिसली तर बेरिंग तेथे जळलेले आहे, आणि रॉड दुकानदाराने कितीही घासून आणला तरी तो परत करावा. लहान तोंडाशी तीच निळी झाक दिसली म्हणून दचकण्याचे कारण नाही. पिन दाबून बसविण्यासाठी कारखान्यातच ते तोंड तापवितात. या एका तपशिलाच्या अज्ञानापायी चांगले रॉड भंगारात आणि वाईट इंजिनात गेलेले आहेत.

दुसरी पायरी मापाची, आणि येथे घाई करून चालत नाही. कॅप पुस्तकात सांगितलेल्या टॉर्कने आवळून, शेल न घालता, बोअर गेजने मोठे भोक तीन दिशांनी मोजायचे. लहान तोंडाचे बुश आणि पिन यांमधील सैलपणा पाहायचा. मग रॉड जिगवर चढवून वाक व पीळ तपासायचा. कित्येक कंपन्यांच्या पुस्तकांत वाकाची मर्यादा १०० मिलिमीटर लांबीमागे ०.०५ मिलिमीटर दिलेली आढळते, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाच्या जाडीहूनही कमी. जिग नसेल तेथे जुने मेस्त्री एक युक्ती करतात: पिस्टनसह रॉड बसवून, क्रँक फिरवून, प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाशी आल्यावर ब्लॉकच्या तळापासून तो किती खाली वा वर राहतो हे डायल गेजने टिपून घेतात. चारांपैकी एक इतरांपेक्षा लक्षणीय खाली राहिला, तर त्याचा रॉड आखूड झालेला आहे, म्हणजे वाकलेला आहे. पुरातून आलेल्या इंजिनांत ही तपासणी इंजिन पूर्ण न खोलता, केवळ हेड उतरवून करता येते, ही तिची मोठी सोय.

मापाच्या पोटातच श्रेणीचा प्रश्न येतो. सुझुकी, टोयोटा आदि जपानी घराण्यांच्या इंजिनांत रॉडच्या मोठ्या तोंडावर १, २, ३ असा एक आकडा ठोकलेला असतो आणि क्रँकच्या वेबवर दुसरा. दोघांच्या मेळाने कोणत्या रंगाचे शेल घालायचे हे कोष्टकावरून ठरते. स्वतंत्र उत्पादकाच्या रॉडवर हा आकडा नसतो, किंवा असला तरी तो केवळ मूळ भागाची नक्कल म्हणून उतरलेला असू शकतो. अशा वेळी कोष्टक बाजूस ठेवून प्रत्यक्ष मापावर, आणि शेवटी प्लॅस्टिगेजच्या चपट्या झालेल्या दोऱ्याच्या रुंदीवर विसंबावे लागते. चारही रॉडांचे एकूण वजन, आणि शक्य तर दोन्ही टोकांचे वेगवेगळे वजन, जुळवून घेणे हाही याच पायरीचा भाग.

तिसरी पायरी चिरांची. चुंबकित केलेल्या रॉडवर चमकत्या भुकटीचे द्रावण सोडून अतिनील प्रकाशात पाहिले, की केसासारखी चीरही रेघेच्या रूपाने उमटते. ही सोय ओतकाम व कातकाम करणाऱ्या मोठ्या कारखान्यांत नित्याची आहे. लेथवाल्यांपाशी व बोअरिंगवाल्यांपाशी क्वचित. तपासणीनंतर रॉडचे चुंबकत्व उतरविणे अगत्याचे असते, नाहीतर तोच रॉड तेलातले लोहकण गोळा करीत बसतो. हे काम विसरले जाते, असा जाणकारांचा अनुभव आहे.

चौथी पायरी धातूची, आणि तीच सर्वांत वादग्रस्त. हातात धरावयाच्या क्ष-किरण यंत्राने पोलादातले निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम काही सेकंदांत कळते. म्हणून ईएन २४ म्हणून विकलेला रॉड प्रत्यक्षात ईएन १९ आहे, ही लबाडी त्याने पकडता येते. पण त्या यंत्राला कार्बन दिसत नाही. ईएन ८ आणि सी७० यांतला मुख्य भेद कार्बनचाच असल्याने तेथे ठिणगी पाडून वर्णपट तपासणारे स्पेक्ट्रोमीटर लागते, आणि ते रॉडवर एक जळका डाग सोडते. कठीणपणाच्या चाचणीचा खळगाही तसाच. आणि तंतुप्रवाह, ताणबळ, आतले दोष यांची खरी शहानिशा करावयाची तर रॉड कापावाच लागतो. मोटारकंपनीला पुरवठा करणाऱ्या कारखान्यास हे परवडते, कारण त्याच्यापाशी हजारांचा लॉट असतो व त्यातला एक नग कापून उरलेल्यांविषयी अनुमान करता येते. गॅरेजवाल्याजवळ एकच रॉड असतो. तो कापला तर बसवायचा कोणता?

बोल्टांविषयी मात्र मतभेद जवळजवळ मिटले आहेत. अलीकडच्या बहुतेक इंजिनांत ते टॉर्क देऊन वर ठरावीक अंश फिरवून, लवचीकपणाच्या सीमेपलीकडे किंचित ताणून आवळले जातात. असा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा वापरू नये, हे आता मेस्त्रीही मान्य करतात. ग्राहक दोन-चारशे रुपयांसाठी हुज्जत घालतो, तो भाग निराळा.

कायदा आणि कागद

बाजाराच्या मोकळेपणाबाबत भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश हा या विषयातला मुख्य दस्तऐवज होय. १४ मोटारकंपन्यांनी सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारास नाकारली, असा निष्कर्ष काढून आयोगाने एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, मूळ पुरवठादारांना खुल्या विक्रीस मोकळीक देण्यास सांगितले, आणि स्वतंत्र गॅरेजात काम केले एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करण्यास मज्जाव केला. पुढे अपिले झाली. अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये काही कंपन्यांपुरती दंडाची रक्कम घटविली. तत्त्व मात्र चर्चेत कायम राहिले, आणि २०२२ च्या अखेरीस केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचे जे संकेतस्थळ उघडले, त्यात मोटारींचा समावेश करण्यात आला.

नकली मालास १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष वस्तूची जबाबदारी उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांवरही टाकू शकतो. गॅरेजवाल्यांना ही तिसरी बाजू फारशी ठाऊक नसते. बिनपावतीचा रॉड आणून बसविणाऱ्याने पुढे उत्पादकाकडे बोट दाखवावयाचे म्हटले, तर दाखवावयास उत्पादकच उरत नाही.

कागदांच्या तारतम्याविषयीही थोडे. आयएटीएफ १६९४९ हे प्रमाणपत्र कारखान्याच्या कार्यपद्धतीचे असते, हातातल्या नगाचे नव्हे. धातूचा दाखला नगापर्यंत पोहोचावयाचा तर त्यावरील हीट नंबर आणि रॉडवर ठोकलेला हीट नंबर जुळला पाहिजे. खोक्यावरील होलोग्रॅम आणि क्यूआर चौकोन खोक्याची ओळख देतात. जुन्या खोक्यात नवा माल भरण्याची कला आपल्याकडे अवगत नाही असे कोण म्हणेल?

जे अनिर्णित आहे

वाकलेला रॉड सरळ करून वापरावा काय, हा सर्वांत जुना वाद. जुन्या पुस्तकांत तशी परवानगी होती आणि जिगबरोबर दाबून सरळ करण्याचे हत्यारही मिळत असे. आजचे निर्माते बहुधा ती नाकारतात, कारण थंड अवस्थेत सरळ केलेल्या पोलादात अंतर्गत ताण उरतात. मंद गतीच्या जुन्या इंजिनांत असे रॉड वर्षानुवर्षे चालल्याचे दाखले मेस्त्री देतात आणि ते खोटे नाहीत. पण त्यांवरून मिनिटाला पाच हजार फेरे फिरणाऱ्या इंजिनाविषयी काही सिद्ध होत नाही. पूरग्रस्त गाडीच्या विम्यात हाच वाद पैशाचे रूप घेतो. इंजिन प्रोटेक्टचे जादा कलम नसेल तर पाणी शिरून झालेली हानी परिणामजन्य म्हणून बहुधा नामंजूर होते. कलम असेल तर एकच रॉड बदलावा की चारही, यावर सर्वेक्षक आणि गॅरेज यांत घासाघीस होते. चारांचे वजन व श्रेणी जुळविण्याच्या दृष्टीने पूर्ण संचाची मागणी रास्त वाटते. उरलेले तीन मोजून निर्दोष ठरले असतील तर खर्चाच्या दृष्टीने सर्वेक्षकाचे म्हणणेही अवाजवी नाही.

नग कापल्याविना धातूची खात्री कशी करावी, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. सुचविला जाणारा एक मार्ग असा, की सुट्या भागांच्या वितरकांनी वा गॅरेजमालकांच्या संघटनेने एकेका लॉटमधून एक नग विकत घेऊन तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कापवून घ्यावा आणि निकाल लॉटच्या क्रमांकासह सर्वांस उपलब्ध करावा. कागल, गोकुळ शिरगाव व शिरोली या तिन्ही वसाहतींत स्पेक्ट्रोमीटर, चुंबकीय तपासणी आणि ताणयंत्रे रोज चालतात, त्यामुळे साधनांची वाण नाही. पण ती चालतात उत्पादकासाठी, आणि दहा किलोमीटरांवरच्या गॅरेजला एका रॉडकरिता त्यांच्या दारात उभे राहण्याची वहिवाट पडलेली नाही. प्रस्तुत लेखकास ही सूचना व्यवहार्य वाटते. मात्र चाचणीचा खर्च कोणी सोसावा, नापास लॉटचे नाव जाहीर केल्यावर होणाऱ्या दाव्याला कोणी तोंड द्यावे, आणि वर्षाकाठी पंधरा-वीसच नग खपणाऱ्या इंजिनासाठी लॉट म्हणावा तरी कशाला, या तीन मुद्द्यांवर तिचे समर्थकही एकमत नाहीत.

शेवटचा मुद्दा मोडीतल्या गाड्यांचा. २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहनमोडणी केंद्रांचे नियम आले, आणि अशा केंद्रात येणाऱ्या गाडीची नोंदणी, वय व मालकी यांची नोंद राहते. जुन्या बाजारातल्या रॉडवर मुख्य आक्षेप त्याच्या अज्ञात पूर्वायुष्याचा असल्याने, किलोमीटर व मोडीचे कारण दर्शविणारा दाखला रॉडबरोबर दिला गेल्यास तो आक्षेप बराच सौम्य होईल, असे एका बाजूचे मत आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, की किलोमीटरचा आकडाच फिरविता येत असता त्यावर आधारलेला दाखला ग्राहकाला निष्कारण निर्धास्त करील, आणि चिरांची तपासणी केल्यावाचून असा रॉड विकूच नये. ती तपासणी केंद्राने करावी, विक्रेत्याने, की बसविणाऱ्या गॅरेजने, यावर या दोन पक्षांत अद्याप मेळ बसलेला नाही.